डाव्या पायाचा फोम

दिवसभर कापड बेतत उभ्या राहून शिंपीणबाईंच्या टाचा पार कामातून गेल्या होत्या. टाचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून त्या बसल्या होत्या, तेवढ्यात शेजारी बसलेलं जोडपं कुजबुजायला लागलं.

“उजव्या बुटातला फोम कुठून आणला असं डॉक्टरांनी विचारलं, तर खरं सांगा.”

“काय सांगू? आईच्या बुडाखालचा?”

“त्यात लाज कसली? दुकानातला मऊ फोम दोन दिवसांत चपटा झाला, कडक होता तो खड्यासारखा टोचला. शेवटी आईंच्या खुर्चीतला कापून घातला, तेव्हा कुठे टाच गप्प बसली.”

“उभं आयुष्य बसून दाबलाय तिनं. मशीनला जमायचं नाही ते.”

“आणि डाव्या पायाचं काय?”

“नवा तुकडा दिलाय तिला. सकाळपासून त्यावर बसलीय.”

“जेवायला तरी उठल्या का?”

“छे! ‘लेकाच्या पायापुढे जेवण काय,’ म्हणाली. ताट तिथंच दिलं.”

“अहो, पण त्या डावीकडे कलतात. फोम तिरका दाबला गेला तर जन्मभर लंगडाल!”

“म्हणून तर बाबांना शेजारी बसवलंय. ती कलली की सरळ करतात.”

शिंपीणबाईंना राहवेना. त्या हळूच पुढे सरकल्या.

“तुमचं झालं की माझं घेतील का हो आई? दोन्ही पायांचं आहे, पण मला घाई नाही.”