पुढलं डावं टायर

वांगी विकून झाल्यावर कुशाबाई बारामतीच्या नाक्यावर, इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीच्या सावलीला रिकामी पाटी घेऊन बसली होती. पलीकडं मालक मानसिंगराव ड्रायव्हर सावळारामला फैलावर घेत होते.

“पुढलं डावं टायर बाहेरच्या कडंलाच कसं झिजतंय रं? उजवं तर नव्यावानी हाय.”

“आस सरळ हाय, मालक.”

“हवा?”

“बरुबर हाय.”

“मग वळवतोस कुठं एवढी?”

“निघताना हितल्या नाक्यावरच्या म्हसोबाला पाच फेऱ्या घालतो.”

“मोटारीनं?”

“माणसं भरून.”

“आन् दर बारीला उजवीकडंच वळतोस?”

“मग, देवाला उलटी फेरी घालू व्हय?”

“अरं, सगळा भार त्या डाव्या चाकावर येतोय! आजपास्नं फेऱ्या बंद. चला, बसा रं मंडळी!”

कुणी हललं नाही. उचललेली पाटी कुशाबाईनं पुन्हा खाली ठेवली.

“काय झालं, बाई?”

“काय न्हाय. तुमी व्हा म्होरं. मी जाईन आमच्या लासुर्ण्यापतुर चालत.”

मालकांनी झिजलेल्या टायरावरनं हात फिरवला.

“सावळा, फेरी जरा लांबनं घाल. आन् थांब, मला बी बसू दे.”