जित्या माणसाचा हेल

ऋतुजा : आत्या, बसा ना आता. मामा कधीचे मरून पडलेत.

मुंजाजी : पडलोय, पर पाठीला खडे टोचायलेत. आजून एक घोंगडं टाका की खाली.

भामाबाई : मढ्याला खडे टोचत न्हाईत. गप पडा. चार तालुक्यातल्या मयतांना बसले मी, पर समोरचं मढं तंबाखू मळतंय आसं कवा बघितलं न्हाई.

ऋतुजा : मामा, ती तंबाखू ठेवा. व्हिडिओत दिसंल.

भामाबाई : आन मी म्हणते, रडायला सरकार पैसे कावून द्यायलंय? फुकटात रडवतंय तेवढं कमी हाय का?

ऋतुजा : सरकार नाही आत्या, पुण्याची संस्था आहे. बुडत चाललेल्या लोककलांना अनुदान देते. मयतावर हेल काढून रडायचं, तेही त्यांच्या यादीत बसतं. फक्त नमुना आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा. आणि हेल पुरा पाहिजे. आधी हाक, मग गेलेल्याचे गुण, आणि शेवटी निरोप. निरोप नसला तर घेतच नाहीत.

भामाबाई : निरोपाचं तू मला सांगती व्हय? वडवणीपासून चौसाळ्यापतुर निरोपाला मलाच नेत्यात. बाकीच्या बाया नुसत्या नाक वडत्यात.

ऋतुजा : मग झालं तर.

भामाबाई : पर मयताच्या घरचा घोटभर च्या सुदीक मी पेले न्हाई कवा. त्याचे पैसे कसे घेऊ?

ऋतुजा : ते तुम्हाला खायला नाहीत, शिकवायला आहेत. पोरी जमवायच्या, त्यांना तयार करायचं. तुम्हीच म्हणत होता ना?

भामाबाई : म्हणतच व्हते. मी गेल्यावर माझ्यावर रडंल कोण? तू? तू मोबाईलवर जोडलेले हात टाकशील, आन खाली लिवशील, भावपूर्ण.

ऋतुजा : घ्या! सासूवर रडायला शिकवा म्हणून मागं लागलेली सून गावात दुसरी दाखवा.

मुंजाजी : तुमचं चालू द्या. पर मढं मलाच कावून केलं? तो पंडित हाय की. दिसभर पडूनच आसतंय.

ऋतुजा : पंडितला झोपवलं असतं तर त्याच्या बायकोनं आपल्याला झोपवलं असतं. आणि मामा, 'मीच पडतो' म्हणून हट्ट कुणी धरला?

भामाबाई : ह्यांनाच हौस. चार दिसापासून एकच घोकायलेत, मी मेल्यावर काय म्हणशील, काय म्हणशील.

मुंजाजी : मंग? सोमवारी डाक्टर छाती फाडणार हाय. फुडं ऐकायला मिळंल न मिळंल. त्या सुंदररावाच्या मढ्याफुडं तू शेजाऱ्याचा बांध कोरल्याचं गायलीस, तर तेराव्याच्या आत पोरांनी बांध सरळ केला. माझा बांध कुठं वाकडा हाय ते मलाबी कळू दे की.

भामाबाई : सोमवारचं नाव काढू नका.

मुंजाजी : न्हाई काढत. हे बघ, मेलो. डोळे मिटले.

ऋतुजा : दार लावते. आवाज गेला तर गाव जमा होईल.

भामाबाई : ऱ्हाऊ दे, दार लावून कुणी रडतंय का? शेजारी सांगून ठिवलंय. वनमाला म्हणली, खोटं तर खोटं, मीबी येते, लई दिसात कुणी मेलं न्हाई.

ऋतुजा : हं, चालू केलं. घ्या.

(भामाबाई पदर कपाळावर ओढते आणि डोलायला लागते.)

भामाबाई : आगं माझ्या कर्माऽऽ! कसा निजलास रं माझ्या धन्याऽऽ! वाघरीच्या जाळीत मेंढरं वरडायलीत, त्यांना काय सांगू रंऽऽ!

मुंजाजी : ए, निजलास? जल्मात कवा मला अरंतुरं केलं न्हाईस!

भामाबाई : मेलेल्याला आवजाव नसतंय. पडा!

ऋतुजा : मामा, मढं बोललं तर अनुदान मिळत नाही. हे मी कापते. आत्या, पुढं घ्या.

भामाबाई : भर मांडवात रुसलास रंऽऽ, मनगटाला घड्याळ मागितलंसऽऽ! माझ्या बापानं शेळ्या इकल्या रंऽऽ, आन तुला टायम कुठं बघता येत व्हताऽऽ!

मुंजाजी : येत व्हता!

ऋतुजा : मामा!

भामाबाई : लिंबागणेशाच्या माळावर पाल टाकलंस रंऽऽ, गाभण मेंढीला भाकर चारलीसऽऽ! गाभण बायकू दारात उभी रंऽऽ, तिला इचारायचं इसरलासऽऽ!

मुंजाजी : हे मात्र खरं हाय.

भामाबाई : माझा जीवन पोटात आडवा आला रंऽऽ, दाई न्हाई, वस्ती न्हाईऽऽ! मेंढ्या मोकळ्या करायच्या हातानं माझा लेक सोडवलास रंऽऽ! मंग मेंढरात जाऊन तोंड लपवून रडलासऽऽ, म्या बघितलं रं, कुणाला सांगितलं न्हाईऽऽ!

मुंजाजी : तू बघितलंतंस?

भामाबाई : तवापासून पयली भाकर माझ्या ताटात टाकलीस रंऽऽ, आन वरून म्हणलास, करपली हाय, तूच खाऽऽ!

ऋतुजा : आत्या... लई भारी झालं. आता निरोप. थांबू नका, चालूच आहे.

मुंजाजी : काय झालं गं?

ऋतुजा : आत्या, तुम्हीच शिकवलंय मला. 'जा रं आता, मागं बघू नको.' तेवढंच म्हणायचंय.

भामाबाई : बंद कर ते.

ऋतुजा : अहो, एका ओळीसाठी सगळं जाईल.

भामाबाई : बंद कर म्हणले ना.

मुंजाजी : म्हण की. खोटंच हाय. हे बघ, जिता बसलोय तुझ्यासमोर.

भामाबाई : मी जा म्हणलं की माणूस थांबत न्हाई. आजवर एकबी थांबलं न्हाई.

मुंजाजी : आगं येडे, ती आधीच गेलेली आसत्यात!

भामाबाई : आसत्याल. पर सोमवार तोंडावर आलाय, मी न्हाई म्हणणार.

मुंजाजी : आन तुझ्या पोरी? तुझ्यावर रडणार कोण?

भामाबाई : न्हाई रडलं तर न्हाई रडलं. उठा, ते घोंगडं झाडा. तंबाखू खायची तर खा.

ऋतुजा : मग पुण्याला काय कळवू? शेवट का नाही, असं विचारतील ते.

भामाबाई : लिव, भामाबाईला शेवट येत न्हाई.