राहिलेलं पेन

नाय नाय, बसा हो, उभ्या उभ्या कुठं पेनाचं बोलणं होतं का — आधी चहा घ्या. पेन हाय. हितंच हाय, बेसनाच्या डब्यात, कुठं पळून जात नाय. आन तुमी काय पहिले नाय साहेब, लई जण येऊन गेले. एक तर पार लोणावळ्यावरनं आला बायकोपोरांना घेऊन, गाडीतनं उतरला आन म्हणला, मावशी, माजं पेन द्या — जसं काय दळण टाकून गेल्ता. म्हणलं, देते की, वडे खा आधी. वडे खाल्ले, पेनाचं एक विचारलं मी, ते चुकला, गेला. त्याच्या बायकोनं चटणी मात्र बांधून मागितली.

बशी थरथरतेय तुमची. हात असाच होतो का? माज्या बापाचा पण व्हायचा शेवटी शेवटी, त्याला मी पेल्यातनं द्यायची, अर्धाच भरून. थांबा, तसाच देते. हां. आता सांडायचं नाय.

पेन कसं गावलं म्हणता? पावसाळ्यातला रविवार होता. भिवपुरीच्या धबधब्यावरनं भिजून आलेली पोरं, पुण्याला चाललेले, पुण्यावरनं आलेले, सगळे एकदम — मी तळतेय तळतेय, मान वर करायला सवड नाय, कोण कुठं बसलं काय ठावं. संध्याकाळी बाकडी पुसायला घेतली तर फटीत हे. वाटलं अत्तराची कुपी हाय. निळी, जड, आन अंगावर चित्र. खिडकीपाशी बाई उभी, आपल्याकडं पाठ. केस बांधलेले, मानेवर दोन बटा सुटलेल्या — त्या बटा पण दिसतात हो, एवढ्याशा पेनावर. माज्या पोरानं, अक्षयनं, फोनवर बघितलं. तो रसायनीला कंपनीत असतो, आज सुट्टी हाय, पाव आणायला गेलाय, येईलच. म्हणला, आई, हे इटलीचं हाय, तितली माणसं भिंग लावून एकेक पेन हातानं रंगवतात. मोठं नावाजलेलं चित्र हाय, मूळचं तिकडं भिंतीवर टांगलंय, लोक तिकीट काढून बघायला जातात. निब सोन्याची. टोपणाच्या कड्यावर नंबर. मंग किंमत बघितली त्यानं, आन फोन पालथा ठेवला. किती रं, म्हणलं. तर म्हणला, माजी मोटरसायकल येईल त्यात, वर हेल्मेट.

विकायचं? नाय हो. माज्या बापाचा नेम हाय — गिऱ्हाईकाचं राहिलेलं म्हणजे ठेव. वापरायचं नाय, कोणाला द्यायचं नाय, मालक येईस्तवर जपायचं. ती वरची फळी बघा. छत्र्या, थर्मास, लहान पोराचा एक बूट, आन त्या डबीत कवळी हाय — हसताय काय, खरंच कवळी हाय, त्या माणसानं पुढं पुण्यापर्यंत काय चावलं असंल देव जाणे. सगळं तसंच हाय. अक्षय हे बघतच मोठा झाला. त्यालाही हाच नेम लागलाय, तो पण नाय मोडायचा. त्याच्यावरच तर माजं सगळं चाललंय.

काय चाललंय? — काय नाय. चहात साखर कमी झाली का?

मंग फोटो कशाला टाकला, असं विचारता. बरोबर विचारता. ठेव म्हणायची आन जगाला दाखवायची. नाय, तो मी नाय टाकला, अक्षयनं टाकला, मला न सांगता, चौक गावच्या ग्रुपवर, तितनं कुठं कुठं गेला. त्याला मालक लवकर यायला पायजे. का म्हणजे — ही जागा माजी हाय. चूल, बाकडी, मागचा पेरू, सगळं. माज्या बापानं माज्या नावानं केली, अंगठा उठवून. आता ती पायजे हाय एका कंपनीला, ते विजेच्या गाड्या चार्ज करायचं स्टेशन टाकणार हायेत. आन अक्षयनं पनवेलला फ्लॅट घेतलाय, पाचव्या माळ्यावर. म्हणतो, आई, तुजे गुडघे बघ, हात बघ भाजलेले, आता बस झालं, सही कर आन चल आमच्यासंगं. सूनबाय रिया, तिनं तर माज्यासाठी खोली पण लावून ठेवलीय, गादीवर फुलांची चादर. वाईट नायत हो दोघं. तीच तर पंचाईत हाय. वाईट असते तर भांडले असते. चांगल्या माणसाला नाय म्हणायला तोंडच उघडत नाय.

मी गेल्ते फ्लॅट बघायला. माज्या खोलीची खिडकी उघडली, तर समोर दुसऱ्या बिल्डिंगीची पाठ. पाण्याचे पाईप, आन एसीचे डबे. रिया म्हणते, हवा येते हं आई. येत असंल.

आन हितं तरी मी काय सुखात हाय का? सगळा जल्म या रस्त्याला शिव्या देत आले. तुमी येता, खाता, जाता. एस्टी जाते, टेंपो जातो, वराती जातात, मी आपली कढईपाशी. पुण्याच्या रस्त्यावर जल्म काढला आन पुणं नाय बघितलं. माजा नवरा होता तवा म्हणायचा, जाऊ गं, जाऊ — तो गेला, मी हायेच. कदी कदी वाटायचं, द्यावी कढई उलटी करून आन बसावं समोरून येईल त्या गाडीत. आता पोरगा दार उघडून उभा हाय, तर मीच चौकट धरून बसलेय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पण हितं निदान मला कोणीतरी विचारतं — अंबाबाई, वडा गरम हाय का? तितं मला कोण काय विचारणार?

तर अक्षय कागद घेऊन आला. हितंच, या बाकावर मांडले. खिशातलं साधं पेन काढून पुढं केलं. आन मला काय सुचलं कोण जाणे, म्हणलं, तुज्या आज्यानं दिलेली जागा, आन ती असल्या पेनानं द्यायची? मी सही करंन तर त्या बाईच्या पेनानं. तो हसला. म्हणला, कर की मंग, काढ डब्यातनं. म्हणलं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा व्हय रं? मालक येऊ दे. त्याला विचारू. तो हो म्हणला की करते. — पेन खिशात टाकलं त्यानं. नेम मोडायचा नाय ना त्याला. दुसरं तसलंच पेन आणतो म्हणला, मंग किंमत आठवली, इषय सोडला. तवा फोटो टाकला त्यानं. म्हणजे मालक येईस्तवर माजी सुटका. समजलं का तुमाला आता?

नाय सांगायला पायजे होतं मी हे. तुमी आयकता बरं, मधी बोलत नाय, म्हणून सुटलं तोंडातनं. अक्षयसमोर काढू नका. तो येतोच हाय, आन उद्या त्या कंपनीचे लोक परत येणार हायेत.

हां, आता तुमचं. नंबर नका सांगू, कड्यावरचा नंबर फोटोत आलाय, तो शेंबडं पोर पण सांगतं. खोकी पण दाखवली एकानं, कसलीतरी. मी एकच विचारते. फोटोत पेनाची एकच बाजू दिसते — बाई, आन खिडकीची कड. ती बाई बघते काय? पेन पुढं फिरवलं की काय येतं? सगळे म्हणतात, समुद्र. मूळच्या चित्रात समुद्र हाय म्हणे, फोनवर बघून येतात आन छातीठोक सांगतात, समुद्र. एक म्हणला बाग. एक म्हणला तिचा नवरा. गेले सगळे. खोटे होते ते, मी काय कोणाला फसवलं नाय — पण एकेक जण गेला की मला बरं वाटायचं, दोन वडे जास्त तळायची मी. तुमी पण सांगा समुद्र, आन निघा. सांगा.

…

काय म्हणालात?

परत बोला.

…हां. तिची पाठ. खिडकी संपते तितंच परत तिची पाठ चालू होते. समुद्र नाय, झाड नाय, काय नाय.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काढून फिरवत बसते. तेवढं करते हो, टोपण नाय उघडलं कदी. पहिल्यांदा फिरवलं तवा मला पण वाटलेलं, आता पाणी येईल, होडी येईल. आली तिची तीच. त्या इटलीवाल्याला बाईमाणसाचं कसं कळलं असंल?

तुमचं हाय. मालक तुमी. आता काय करू मी?

साहेब, एक आयका. चुकलं म्हणा. अक्षयला मी सांगते, हे पण समुद्रच म्हणले. पेन तुमचंच राहील, मी पुसून ठेवंन, पुण्याला येता जाता बघून जात जावा, चहा माज्याकडनं. पेन कुठं जात नाय. मी तरी कुठं जाते. काय बिघडतंय तुमचं? का घेऊन जायचंय? न्या मंग. न्या, आन मी सांगते कोणीच आलं नाय, डब्यातनं चोरीला गेलं — नाय, ते पण नको, तो पोलिसात जाईल, तसला हाय तो.

काय? हात चालत नाय आता. ते दिसलं मला. लिहिता येत नाय, बरं. मंग?

मला?

नको. नको हो साहेब, तसं बोलू नका. हळू बोला. परत घ्या शब्द. तुमी चांगल्या मनानं देताय, ठावं हाय मला, पण भीक नको पण कुत्रा आवर अशी गत हाय माजी. दिलं म्हणू नका. माजं झालं की मला कुठं थांबायचं मंग? असं करा, राहिलंय म्हणा. इसरून चाललोय म्हणा परत —

कदी आलास रं?

गाडीचा आवाज नाय आला मला. पाव ठेव तितं, कपाटावर. हसतोस काय. हां, हेच मालक. आयकलंस ना सगळं. बरोबर सांगितलं त्यांनी. …व्हय, दिलंय. माजंच हाय आता.

डब्यात हाय, कापडात गुंडाळलंय. पीठ झटक आधी. आरं, टोपण ओढू नको, मोडशील, त्याला आटे हायेत. फिरवून उघडायचं असतं. दे हिकडं.

पैसे राहू द्या साहेब. जावा तुमी, घाटात गाड्या तुंबतील. जावा म्हणते ना. बघत काय बसलाय?