मक्याच्या शेतातली विहीर

रोमानियातल्या तुर्दा गावाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन शेजारणी बोलत होत्या.

"साविना, तुमच्या मक्याच्या शेतात रोमन काळातलं घर निघालं म्हणे?"

"घर, चूल आणि दगडी विहीरसुद्धा! गाळ उपसला, तर खाली पाणी लागलं बघ."

"काय सांगतेस! पण इलारिए भाऊजी तर खोदणाऱ्यांना हाकलून देणार होते ना?"

"देणारच होते. विहिरीचं ऐकलं आणि स्वतःच आत उतरले. कितीतरी वेळ वर येईनात."

"एवढे चिडले होते?"

"छे गं! दगडांवरून हात फिरवत बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस तो. चुना नाही, तरी एकही दगड हललेला नाही म्हणाले."

"मग यंदा मका?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, मका बाजारात मिळेल, असा गवंडी कुठे मिळणार?"