पंखावर एक चिलट नाही

मर्ना : एवढंसं? डेल, अरे हे विमान तर आपल्या पिकअपच्या हौद्यात मावेल!

डेल्बर्ट : हळू बोल. मालक तिथंच खुर्ची टाकून बसलाय.

मर्ना : बसू दे की. तेरा वर्षं आपलं विमान शेडमध्ये बघत आले, तेव्हा कसं दांडगं वाटायचं. शेडच लहान असणार.

डेल्बर्ट : गवतावर उभं केलं की सगळीच विमानं लहान दिसतात. आपलंही दिसेल.

मर्ना : आपलं गवतावर आलं तर ना! रंग वाळून दोन उन्हाळे झाले. शेडच्या बाहेर नाक काढलंय का त्यानं अजून?

डेल्बर्ट : आलीस का पुन्हा तिथंच?

मर्ना : त्यासाठीच तर नेब्रास्काहून विस्कॉन्सिनच्या या विमानांच्या जत्रेपर्यंत आले मी, नाहीतर मला काय हौस होती या उन्हाची? काय ठरलंय आपलं? सुट्या भागांचं किट आणून घरी जोडलेलं, आपल्यासारखंच विमान एकदा डोळ्यांनी बघायचं. ज्यानं उडवलंय त्याला विचारायचं, बाबा रे, पहिल्यांदा वर गेलास तेव्हा काय झालं. आणि घरी जायच्या आधी सांगून टाकायचं, उडवायचं की विकायचं. विकणार असशील तर त्या जागी माझा फ्रीझर येतोय.

डेल्बर्ट : बघू तर दे आधी.

मर्ना : बघ, बघ. आपल्या लग्नात माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नव्हतंस.

टॅलक्विस्ट : या, या, जवळ या! हात लावला तरी चालेल, अंगठी तेवढी जपून. मी गॉर्डन टॅलक्विस्ट. मिनेसोटाचा.

डेल्बर्ट : डेल्बर्ट हाव्लिक. ही मर्ना. झकास केलंय हो काम. शेपटीचे रिव्हेट बघ मर्ना, दोरी लावल्यासारखे आहेत.

टॅलक्विस्ट : आठ वर्षं लागली. एकट्यानं केलं सगळं.

मर्ना : एकट्यानं? मग शेपटीच्या आत कोण झोपायचं?

टॅलक्विस्ट : म्हणजे?

मर्ना : अहो, बाहेरून रिव्हेट ठोकायचा तर आतून कुणीतरी लोखंडाचा ठोकळा धरून बसावं लागतं ना? आमच्याकडे ते काम माझं. तीन हिवाळे काढले मी त्या शेपटीत, उताणी पडून. हा बाहेरून विचारायचा, ‘तयार?’ मी आतून म्हणायची, ‘तयार.’ दुसरं काही बोलणंच नाही. आमच्या संसारातला सगळ्यात सुखाचा काळ तो.

टॅलक्विस्ट : हां, ते होय. ठोकळा वेरा धरायची. माझी बायको. पण विमान बांधलं मी.

मर्ना : हो, हो. आमच्याकडेही यानंच बांधलंय.

टॅलक्विस्ट : म्हणजे तुमचंही हेच विमान? वा! कुठल्या रांगेत आहे?

डेल्बर्ट : ते... नाही आणलं. वारा होता जरा.

मर्ना : दोन वर्षं सुटलाय.

डेल्बर्ट : मर्ना!

टॅलक्विस्ट : कसं उडतं हो तुमचं?

डेल्बर्ट : छान. म्हणजे छानच. हाताला हलकं आहे.

मर्ना : इतकं छान उडतं, आवाजसुद्धा येत नाही.

डेल्बर्ट : माझं राहू द्या. तुमचं सांगा. पहिल्यांदा उडवलंत तो दिवस. अगदी खरं खरं सांगा, मला ऐकायचंय.

टॅलक्विस्ट : काय सांगू तुम्हाला! सकाळची वेळ. इंजिनाला जोर दिला, आणि जमीन कधी सुटली ते कळलंच नाही. खाली शेतं. पुढं एक तळं, मग दुसरं, त्याच्यापुढं आणखी एक. मी तर ओरडलोच एकटा. भीती? छे! नावालासुद्धा नाही.

डेल्बर्ट : पण उठताना नाक डावीकडं ओढतं म्हणतात. उजवा पाय किती दाबावा लागला?

टॅलक्विस्ट : पाय ना? पाय... दाबला की. लागेल तेवढा.

डेल्बर्ट : आणि उतरताना?

टॅलक्विस्ट : पीस उतरतं बघा, तसं.

मर्ना : मी एक विचारू का हो? मिनेसोटाहून उडवतच आणलंत ना?

टॅलक्विस्ट : मग! विमान आहे ते, बैलगाडी नव्हे.

मर्ना : आणि वाटेत किडे नव्हते?

टॅलक्विस्ट : किडे?

मर्ना : आज सकाळी पेट्रोलपंपावर आमच्या पिकअपच्या काचेवरचे किडे खरवडून माझा हात दुखायला लागला. दिव्यांवर तर अजून खच पडलाय. जुलै महिना आहे हो. समोरच्या रांगेतली विमानं बघा, देवी आल्यासारखी दिसतायत. आणि तुमच्या पंखावर एक चिलट नाही.

टॅलक्विस्ट : मी पुसतो. रोज पुसतो.

मर्ना : पोटाखालीसुद्धा? मघाशी वाकून पाहिलं मी. तेलाचा एक ओघळ नाही.

डेल्बर्ट : थांब, थांब मर्ना. ही चाकं बघ. नव्या टायरवर रबराचे बारीक काटे असतात ना, ते अजून तसेच आहेत!

(डोक्यावरून जेट विमानांची तुकडी गर्जत जाते. तिघंही वर बघतात.)

टॅलक्विस्ट : ट्रेलरवर घालून आणलं. पलीकडं मक्याच्या शेताला लागून उभा केलाय ट्रेलर. वेरा तिथंच बसून असते. म्हणते, मला तुझ्या थापा ऐकवत नाहीत.

डेल्बर्ट : म्हणजे एकदाही नाही उडवलं?

टॅलक्विस्ट : एकदाही नाही. तीन वर्षं झाली पुरं होऊन.

डेल्बर्ट : मग ती शेतं, ती तळी?

टॅलक्विस्ट : दर वर्षी इथं येऊन सांगतो. आता मलाच खरं वाटायला लागलंय. दर वर्षी एखादं तळं वाढतं.

डेल्बर्ट : माझंही... माझंही नाही उडालं हो.

टॅलक्विस्ट : ते मला मघाशीच कळलं. उडवणारा माणूस ‘हाताला हलकं आहे’ म्हणत नाही. तो तक्रारी सांगत बसतो.

डेल्बर्ट : पण तुम्हाला काय झालं घाबरायला? एवढं सुंदर काम!

टॅलक्विस्ट : बाहेरून. डाव्या पंखाच्या आत एक भोक चुकीच्या जागी पाडलं मी. वर पत्रा जोडला. सरकारी तपासनीस बघून म्हणाला, मजबूत आहे, काळजी नको. पण मला माहीत आहे ना ते. डोळे मिटले की तेच दिसतं.

डेल्बर्ट : एकच? अहो, माझ्याकडं भोकांचं अख्खं खानदान आहे! त्यात टाकी दोनदा गळली. दोनदा बंद केली.

टॅलक्विस्ट : तपासणी झालीय ना पण?

डेल्बर्ट : झालीय. पास आहे. पण तपासनीस येऊन जाऊन एक दुपार होता तिथं. मी तेरा वर्षं होतो.

टॅलक्विस्ट : अगदी मनातलं बोललात! खरं सांगू? तुमचं विमान मी आत्ता उडवीन. बेधडक. मला त्यातलं काही ठाऊकच नाही.

डेल्बर्ट : मीही तुमचं उडवीन! या घडीला!

टॅलक्विस्ट : त्यात भोक आहे म्हटलं ना.

डेल्बर्ट : बुजवलंय की! तपासनीस खोटं बोलेल का?

टॅलक्विस्ट : मग तुमची टाकी काय वेगळ्या तपासनीसानं बघितली?

मर्ना : झालं तर मग. टॅलक्विस्ट, येत्या शनिवारी नेब्रास्काला या. आमचं विमान तुम्ही उडवा. मी पीचचा केक करते.

टॅलक्विस्ट : येतो की! क्लबचं जुनं विमान महिन्यातून दोनदा उडवतो मी. हात चालू आहे.

डेल्बर्ट : क्लबचं तर मीही उडवतो. त्यात काय मोठंसं?

मर्ना : शेडची किल्ली माझ्याकडंच असते. आसन तेवढं पुढं सरकवावं लागेल, तुमचे पाय आखूड आहेत.

डेल्बर्ट : कुठलं आसन?

मर्ना : आपलं. सगळ्यांना बोलावते. तुझा भाऊ लेस्टर व्हिडिओ घेईल. हे उतरले की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिलं उड्डाण, गॉर्डन टॅलक्विस्ट!

डेल्बर्ट : याचं नाव? माझ्या विमानाला?

टॅलक्विस्ट : माझी काही हरकत नाही.

डेल्बर्ट : तुमची कशाला असेल? माझी आहे! तेरा वर्षं आम्ही दोघांनी हाडं झिजवायची, आणि पहिल्यांदा वर कोण नेणार, तर हा? स्वतःचं विमान ट्रेलरवर घालून जत्रा फिरवणारा?

टॅलक्विस्ट : तोंड सांभाळा हं! आणि माझ्या विमानालाही तुमचा हात लागू देणार नाही मी. माझं मी उडवीन.

डेल्बर्ट : कधी?

टॅलक्विस्ट : तुम्ही कधी?

डेल्बर्ट : मी? वारा पडला की.

मर्ना : घ्या. सुटला पुन्हा वारा. चल डेल, मला भाजलेलं कणीस खायचंय. येतो हं टॅलक्विस्ट. वेराला माझा नमस्कार सांगा. ठोकळा धरणारीनं पाठवलाय म्हणावं.

टॅलक्विस्ट : अहो बाई, एक मिनिट. बक्षिसाचे परीक्षक यायचेत अजून, बॅटऱ्या घेऊन. ते... किड्यांचं जरा...

मर्ना : आमची पिकअप फाटकापाशीच आहे, निळी. हवे तेवढे काढून न्या.

(मर्ना आणि डेल्बर्ट चालू लागतात.)

डेल्बर्ट : काय माणूस आहे! म्हणे भीती नावालासुद्धा नाही.

मर्ना : हो ना. आणि तू? हाताला हलकं!

डेल्बर्ट : तू ते मुद्दाम केलंस ना? शनिवारचं?

मर्ना : केक मात्र खरंच करणार होते.

डेल्बर्ट : मर्ना, त्या विमानातल्या सगळ्या चुका मला पाठ आहेत गं. वर गेलो की एकेक आठवत बसेल.

मर्ना : सगळ्या नाहीत. तू बाहेर होतास, आत मी होते. दोन तुला ठाऊकच नाहीत.

डेल्बर्ट : काय? कुठल्या?

मर्ना : तपासनीसाला दाखवल्यात मी. हसला आणि चालेल म्हणाला. तुला सांगितलं असतं तर आणखी दोन उन्हाळे गेले असते.

डेल्बर्ट : तुला भीती नाही वाटत?

मर्ना : वाटते. फार वाटते. तू वर असशील तेव्हा मी खाली उभी राहून काय करीन, मला माहीत नाही. पण रोज सकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून तू त्याच्याकडं बघत बसतोस ना, ते बघायची त्याहून जास्त वाटते. मला नाही बघवत ते, डेल.

(डेल्बर्ट थांबून तिच्याकडं वळतो.)

मर्ना : आता उलटं होणार. आत तू, बाहेर मी. मीच विचारायचं.

डेल्बर्ट : विचार.

मर्ना : तयार?

डेल्बर्ट : वारा नसला तर...

मर्ना : डेल.

डेल्बर्ट : तयार.