दोनशे चार द्राक्षं

...दोनशे चार! मोजून दोनशे चार द्राक्षं, तुम्हाला सांगतो, एका दुपारी, आणि तीही ऑगस्टमध्ये, अंगात लोकरीचा ओव्हरकोट घालून! तुम्ही म्हणाल, एउसेबिओ, एकाहत्तराव्या वर्षी ही कसली अवदसा आठवली? मला कुठली आठवतेय, आठवली आमच्या कासिल्दाला. गावात सिनेमावाले आले, जेवणाच्या टेबलाशी बसायला म्हातारेकोतारे हवेत म्हणाले, आणि बायकोनं नवऱ्याचं नाव देऊन टाकलं, स्वतःसकट. सिनेमा कशावर आहे ते मला कुणी सांगितलंच नाही.

तर सीन एकतीस डिसेंबरचा. बाहेर बेचाळीस डिग्री, खिडक्यांना काळे पडदे, आणि आम्ही आत कुडकुडतोय! रात्री बाराचे ठोके पडायला लागले की नवं वर्ष चांगलं जावं म्हणून ठोक्याला एक द्राक्ष तोंडात, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ठोके द्यायला एक बाई, हातात पातेल्याचं झाकण अन् डाव. टण्, एक. टण्, दोन. बारा संपले की डायरेक्टरीणबाई, इत्सिआर तिचं नाव, गोड आवाजात म्हणणार, "परत." की पुन्हा बारा! बाकीचे सगळे खुर्चीखालच्या बादलीत थुंकत होते हो... मी आपला इमानेइतबारे गिळतोय. गिळायची नाहीत म्हणून मला कुणी सांगितलंच नाही.

आणि हे "परत" कुणामुळं? माझ्यामुळंच. काम ते केवढं! घरातला मुलगा आपल्या जोडीदाराला पहिल्यांदा घरी घेऊन आलाय, जोडीदार म्हणजे पुरुष बरं का, तो माझ्या शेजारी बसलाय, आणि मी घरातला बाप, त्याच्यापुढं द्राक्षांची वाटी सरकवायची. झालं काम. पण वाटी निम्म्यापर्यंत जायची आणि हात थांबायचा. का थांबतोय ते कासिल्दाला बरोब्बर कळत होतं, ती नुसती टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या काढत बसली.

कारण सहा वर्षांपूर्वी, खऱ्या एकतीस डिसेंबरला, आमचा मुलगा लेआंद्रो असाच एकाला घेऊन आला होता. मातिआस त्याचं नाव, उंचापुरा, लाजाळू. मी टेबलावर वाट्या मांडल्या तीन. कासिल्दाची, लेआंद्रोची आणि माझी. तोंडातून वावगा शब्द काढला नाही, विचारा हिला! फक्त वाट्या तीन. ठोके पडायच्या आत दोघं गाडीत बसून निघून गेले. मला वाटलं, येतील चार दिवसांत. नाही आले... या म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नाही.

हां, तर अठरावी खेप. ठोके सुरू, आणि शेजारचा तो नट, कुणाचा कोण, खोकायला लागला, डोळ्यांत पाणी, हळूच माझ्याकडं वळून म्हणतो, "आजोबा, साल अडकते हो माझ्या घशात." आता काय सांगू तुम्हाला! आमच्या लेआंद्रोचं अगदी अस्संच होतं. दहा वर्षांचा होईस्तोवर त्याची बाराच्या बारा द्राक्षं मी सोलून द्यायचो, बिया काढून. हात आपोआपच चालला. नखानं साल काढली, बी काढली, वाटीत टाकलं, वाटी त्याच्यापुढं सरकवली. दुसरं सोललं, तिसरं सोललं... बारा ठोके संपले, मी सोलतोयच, समोरचं दिसेना झालंय, कासिल्दा नाक ओढतेय, आणि ती इत्सिआर काही केल्या "परत" म्हणेचना!

घरी आलो पोट धरून. पहिलं काम, लेआंद्रोला फोन लावला.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. एकतीसला वाट्या किती मांडू?"

तिकडं आधी टीव्हीचा आवाज बंद झाला.

"चार, बाबा."

"बरं. आणि तो मातिआस, सालीसकट खातो ना?"

"नाही. त्यालाही सोलूनच लागतात."

आता बोला! दोन वाढलेले बाप्ये, चोवीस द्राक्षं, आणि सोलणार कोण, तर हा म्हातारा, या असल्या नखांनी! सहा वर्षं झाली, आणि जावई सोलून खातो म्हणून मला कुणी सांगितलंच नाही!