वीतभर पाणी

—मास्क काढलात तरी चालेल, काका, उघड्यावर आहोत. फक्त दीड मीटर. तिकडे, त्या बोट बांधायच्या खुंट्यापलीकडे. आणि या बाकावर नका बसू... ओला आहे म्हणून. बरं, नाहीये ओला. तरी नका बसू.

तर आपल्या मराठी मंडळाची सहल. गणपती यंदाही झूमवर झाले म्हणून सगळे कंटाळलेत, चाळीस माणसं, त्यात अकरा मुलं, आणि मी फोन उचलत नाही म्हणून मंडळाचे अध्यक्ष दीनानाथकाका स्वतः शेजारच्या झूटरमेर गावाहून सायकल हाणत आलेत. चैत्राली, आपल्या मराठीत कालव्याची माहिती दे गं, मुलांना इतिहास कळू दे, म्हणे! चांगलं आहे. आत्तापर्यंत ‘जयंतीबाईंची ती शिक्षण सोडलेली मुलगी’ होते, आता एकदम ‘आपली चैत्राली’. नाही, चिडत नाहीये. मी अशीच बोलते, आमच्या बोटीवरच्या पर्यटकांना विचारा.

ऐकाच आता, आला आहात तर. हा व्लीट कालवा. हॉलंडच्या या भागात पहिला कालवा रोमन लोकांनी खणला—हे सांगितलं की बोटीतले लोक अशा माना डोलवतात जसे काही स्वतः घमेली घेऊन हजर होते. पुढे घोड्याने ओढायच्या बोटी आल्या. घोडा काठावरून चालायचा, दोरी बोटीला, आत माणसं गप्पा मारत लायडनहून डेल्फ्टला. तो तुमच्या मागे काठाकाठाने जातो ना, तो घोड्याचाच रस्ता. आता त्यावर निवृत्त जोडपी पळतात. तिकडे ते आठ कोनांचं चर्च, मुलांना कोन मोजायला लावा, पाच मिनिटं शांतता मिळेल. आणि हे, समोरचं, ही खरी गंमत—दोन्हीकडे भक्कम दारं आणि मधे पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी समान करायचं, पुढचं दार उघडायचं. पूर्वी नुसतं धरण होतं इथे, म्हणून तर गावाच्या नावात डाम, म्हणजे धरणच. का नव्हती दारं? कारण बोटी सरळ जायला लागल्या तर आपलं काय, म्हणून दुसरी शहरं भांडत बसली. पिढ्यान्पिढ्या. म्हातारे सगळीकडे सारखेच, काका, स्वतः हलायचं नाही आणि दुसऱ्याची बोटही अडवून धरायची. आणि दोन्हीकडच्या पाण्यात फरक किती माहितीये? वीतभर. हा एवढा. आईला खरंच वाटेना. तिने वाकून हाताने मोजला होता.

हो, आईनेच. मी सांगते ना टूरवर, ते सगळे आईचे प्रश्न आहेत. नाशिकला तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई, दगड दिसला की विचारायची—हा कुठला, कोणी आणला, कधी? मी म्हणायचे, मला काय माहीत, मी इथे कालव्यावर पीएचडी करायला आलेय का? मग वहीत लिहून ठेवायची. फेब्रुवारीत आली होती, वीस सालच्या, माझी खोली बघायला, सहा आठवड्यांसाठी. मग विमानं बंद. परत पाठवायच्या माणसांच्या तुमच्या यादीतला शब्द काय होता? ‘अडकलेले पालक.’ अडकली नव्हती ती. रोज सकाळी नऊ ते बारा इथे बसायची, या बाकावर, माझं फुगीर पफर जॅकेट घालून, खाली साडी. पूलवाला योप, त्याच्या केबिनमध्ये एक लाकडी बूट आहे, गळाला बांधलेला. पूर्वी बोटवाल्यांकडून पुलाचे पैसे घ्यायला असा झुलवत सोडायचे. त्याने एक दिवस तो तिच्यासमोर सोडला, मजेत. हिने पर्समधून बेसनाचा लाडू काढून आत ठेवला. मग रोजचंच झालं ते. दीड मीटर सांभाळून, एक अक्षर एकमेकांचं कळत नव्हतं तरी. बेसन संपलं तर मला हेगच्या सुरीनामी दुकानात पिटाळायची—योपचा बूट रिकामा राहील म्हणून! हसताय? हसा. अकरा मुलांना तो बूट दाखवायचाय ना तुम्हाला, म्हणून सांगितलं.

तुम्हाला काय आठवतं त्या दिवसांतलं? मला आठवतं. मंडळाची मीटिंग, तुमच्यामागे बुकशेल्फ, आणि तुम्ही: आपल्याकडे ऊन आहे, हळद आहे, आपली माणसं काटक, हा विषाणू भारतात टिकायचा नाही. खास विमानांची यादी करतोय, ज्येष्ठांनी मायदेशीच सुरक्षित राहावं. आणि तुमच्या सासूबाई? त्या कुठे राहिल्या सुरक्षित? तुमच्याकडेच ना, झूटरमेरमध्ये, वरच्या मजल्यावर, व्हिसाची मुदत वाढवून? वाढवून मिळत होती की मुदत! इतरांना नाही सांगावंसं वाटलं? मान खाली घालू नका, काका, आत्ता काय उपयोग. जूनमध्ये त्या विमानाने परत गेली ती. आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये—त्या एप्रिलमध्ये—मामा तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात खाटेसाठी फिरत होता आणि मी इथे, हातात फोन, ‘लास्ट सीन’ बघत. अंत्यविधीची लिंकसुद्धा नाही. त्या दिवशी लिंक द्यायला कोणाला वेळ होता?

आणि तुम्ही मेसेज टाकलात. ‘जयंतीताई मायदेशी मायभूमीत विसावल्या.’ फुलांच्या चित्रासकट.

काय? नाही, तुम्ही सांगितलंत म्हणून नाही गेली—तुम्ही तिचं नाव घातलंत यादीत, तिला न विचारता, आणि एकदा गेलेलं नाव काढता येत नाही म्हणून... असं मी तिला सांगितलं होतं. हो. मी. पासपोर्टचा नंबर तुम्हाला कुठून असणार? कपाटातून पासपोर्ट मी काढला, फॉर्म मी भरला. असे बघू नका माझ्याकडे. तुम्हाला आठवतही नसेल, तुम्हाला ती एक ओळ होती, सदतिसाव्या नंबरची.

मी ती यायच्या आधी, जानेवारीतच सोडलं होतं डेल्फ्टचं कॉलेज. तिला सांगितलं नव्हतं. मग कॉलेज ऑनलाइन झालं, माझ्या पथ्यावरच पडलं—नऊला लॅपटॉप उघडायचा, कानात हेडफोन, समोर काहीच नाही. कोरी फाइल. मधेच मान हलवायची, कधी काहीतरी टाइप करायचं. तीन महिने, काका! आणि पोरीचा अभ्यास चाललाय, खोली एकच, आपला आवाज नको, म्हणून ती बाई थंडीत इथे येऊन बसायची. कुकर बाराच्या आत लावायची नाही. एक दिवस आली आणि विचारलं, आज कुठला विषय होता गं? नुसतं तेवढंच, शेंगा सोलता सोलता. मला वाटलं, हिला कळलंय. दुपारी ती झोपली आणि मी तुमचा फॉर्म उघडला.

विमानतळावर दारापर्यंतही सोडलं नाही मला. बाहेरच, पिशव्या देताना म्हणाली, आता खोटं बसायला नको तुला. खिडकी उघडी ठेवत जा, खोलीत हवा नाही. आणि दीनानाथांवर राग धरू नकोस, त्यांनी चांगल्यासाठीच केलं असेल.

म्हणजे ते नाव तुम्ही घातलं नव्हतंत हेही तिला कळलं होतं का... माहीत नाही. हे तिला विचारायचं राहिलं.

वही? ती माझ्याकडे आहे. कोणाला मिळणार नाही.

रविवारी अकराला आणा सगळ्यांना. सांगीन मी. रोमन, घोडे, धरण, वीतभर पाणी. पण बूट नाही. योपला मीच सांगितलंय, खाली सोडू नकोस म्हणून. आणि तुम्ही येऊ नका, काका. रागावून नाही म्हणत. तुम्ही समोर असलात की मला परत तुमच्यावरच ढकलावंसं वाटेल, फार सोपं आहे ते.

घंटा ऐकलीत? पूल उचलतायत. सायकल घ्या, पळा, एकदा उचलला की इथेच उभे राहाल, माझ्यासमोर. जा ना! पळा म्हणते ना—